आधी १०८, मग मामा

रात्री-अपरात्री फोन वाजला की डॉक्टरच्या घरातली सगळीच माणसे जागी होतात. तसा तो २०१६ सालच्या जानेवारीत वाजला. नाशिकची थंडी, रात्रीचा दीड. पलीकडे माझ्या जुन्या पेशंटचा मुलगा होता. "डॉक्टरसाहेब, नानांच्या छातीत दुखतंय, खूप घाम आलाय. काय करू?"

मी उठून बसलो आणि म्हणालो, "घेऊन ये लगेच. मी दवाखाना उघडतो."

त्यांना यायला पस्तीस मिनिटे लागली. मुलाने मामाला फोन केला होता, कारण गाडी मामाकडे होती आणि मामा राहायला सातपूरला. तोवर नाना तिसऱ्या मजल्यावरून स्वतःच्या पायांनी जिने उतरून खाली येऊन थांबले होते. माझ्या दवाखान्यात स्टेथोस्कोप होता, रक्तदाब मोजायचे यंत्र होते आणि चार इंजेक्शने होती. नाडी हाताला लागत नव्हती. मी चिठ्ठी लिहिली, मोठ्या रुग्णालयात फोन केला आणि त्यांना पुढे पाठवले. नाना तिथे पोचले नाहीत. वय अठ्ठावन्न.

नंतर मुलाशी बोलताना कळले, की त्या पाऊण तासात घरातल्या मोबाईलवरून अकरा फोन झाले होते. मामा, मेहुणे, धाकटे काका, दुकानातला नोकर, शेजारच्या गल्लीतले एक कार्यकर्ते आणि मी. त्यात १०८ ला केलेला फोन एकही नव्हता. तेराव्यानंतर मुलगा दवाखान्यात आला आणि त्याने विचारले, "डॉक्टर, माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही रे, तुझं काही चुकलं नाही." हे उत्तर अर्धेच होते. त्याचे चुकले नव्हते, कारण त्याने ज्याला विचारायला हवे त्याला विचारले होते. चुकलो होतो मी. "घेऊन ये" या दोन शब्दांऐवजी "आधी १०८ ला फोन कर, नानांना हलवू नकोस" एवढेच मी सांगायला हवे होते. ती गाडी वेळेवर आली असती आणि नाना वाचलेच असते, असे छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही. पण त्यांना मिळू शकणारी सर्वांत चांगली संधी आम्ही सर्वांनी मिळून घालवली, एवढे मात्र खरे.

म्हणून आजचा हा विषय. मदतीसाठी फोन करणे ही अगदी साधी गोष्ट वाटते. पण वाचकहो, अनुभव असा आहे की सुशिक्षित माणसालाही ती ऐनवेळी जमत नाही.

फोन का केला जात नाही?

मी माझ्या पेशंटांना हा प्रश्न मुद्दाम विचारत आलो आहे. मिळालेली उत्तरे ठरावीक आहेत.

पहिले उत्तर, "ती गाडी अपघातवाल्यांसाठी असते ना?" नाही. छातीत दुखणे, अर्धांगवायू, सर्पदंश, विषबाधा, भाजणे, अडलेले बाळंतपण, दम्याचा जोराचा झटका, लहान मुलाची फिट, या सगळ्यांसाठी ती आहे.

दुसरे उत्तर, "किती पैसे घेतील कोण जाणे." ही सेवा मोफत आहे. फोनही मोफत आणि गाडीही मोफत. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड दाखवावे लागत नाही.

तिसरे उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पण ते मनात असते. "गल्लीत सायरन वाजत गाडी आली की सगळे गोळा होणार. उगाच बोभाटा." आणि पुढे, "काही नसलं, नुसता गॅस निघाला, तर हसं होईल." माझे म्हणणे असे, की हसे झाले तरी माणूस हसायला जिवंत असतो. छातीतल्या शंभर दुखण्यांत गॅसची दुखणी पुष्कळ असतात, हे मलाही माहीत आहे. पण कोणते गॅसचे आणि कोणते हृदयाचे हे मी, एक एम.बी.बी.एस. डॉक्टर, कार्डिओग्राम काढल्याशिवाय खात्रीने सांगू शकत नाही. तुम्ही फोनवरून कसे ठरवणार?

चौथे उत्तर पोलिसांच्या भीतीचे. रस्त्यावर अपघात झाला, आपण फोन केला, तर साक्षीला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. ही भीती जुनी आहे आणि एके काळी ती खोटीही नव्हती. पण कायदा बदलला आहे. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक स्वरूप दिले. पुढे २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आले. सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. तसेच रुग्णालयानेही "आधी पोलीस पंचनामा, मग उपचार" असे म्हणता कामा नये, हे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. हे आम्हा डॉक्टरांनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागते, ही गोष्ट वेगळी.

पाचवे कारण माझ्या मते सर्वांत मोठे. आपल्याकडे संकटात आपण माणूस शोधतो, यंत्रणा शोधत नाही. मामा हवा, ओळखीचा डॉक्टर हवा, नगरसेवकाचा माणूस हवा. या माणुसकीची मला किंमत आहे. मामा यायलाच हवा. पैसे, धीर, धावपळ यांसाठी मामाशिवाय चालत नाही. पण मामाच्या गाडीत ऑक्सिजन नसतो. म्हणून क्रम बदला एवढेच सांगणे आहे. आधी १०८, मग मामा.

एका आगीची गोष्ट

मदतीसाठी एकच सोपा क्रमांक असावा ही कल्पना कशी जन्मली, ते सांगण्यासारखे आहे. १९३५ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये विंपोल स्ट्रीटवरच्या एका डॉक्टरच्या घराला आग लागली. समोरच्या शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावला, पण इतर फोनांच्या रांगेत तो ताटकळत राहिला. त्या आगीत पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि १९३७ साली लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १९६८ साली अलाबामा राज्यातल्या एका छोट्या गावात झाला. आपल्या देशात १०८ ची सुरुवात २००५ साली आंध्र प्रदेशात झाली आणि महाराष्ट्रात ती २०१४ साली आली.

महाराष्ट्रात योजना सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांची होती. त्यांपैकी २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रासह अतिदक्षतेची साधने होती आणि ७०४ गाड्यांत प्राथमिक जीवरक्षणाची. या योजनेचे एक वैशिष्ट्य पुष्कळांना ठाऊक नसते. गाडीत नुसता चालक आणि स्ट्रेचर नव्हे, तर डॉक्टर असावा, अशी तिची आखणी आहे. म्हणजे उपचार रुग्णालयाच्या दारात नव्हे, तुमच्या दारात सुरू होतो. नानांच्या बाबतीत नेमके हेच हवे होते.

आता नियंत्रण कक्षाबद्दल. तो उभारला गेला पुण्यात आणि साऱ्या राज्याचे फोन तिथे जातील अशी व्यवस्था झाली. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमचा फोन उचलणारा माणूस बहुधा नाशिकचा नसतो. त्याला 'मुक्तिधामच्या मागे' किंवा 'सीबीएसच्या अलीकडे' म्हणजे काय ते कळेलच असे नाही. आपला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पत्ता म्हणजे काय?

तुम्ही म्हणालात, "सिडकोतून बोलतोय." सिडको नाशिकला आहे, छत्रपती संभाजीनगरला आहे आणि नांदेडलाही आहे. तुम्ही म्हणालात, "ओझरला या." एक ओझर निफाड तालुक्यात आहे, विमानाच्या कारखान्याचे, दुसरे जुन्नर तालुक्यात आहे, विघ्नहर गणपतीचे. "गंगापूर" म्हणालात, तर आपल्या धरणाचे गंगापूर आहे आणि पलीकडच्या जिल्ह्यात गंगापूर नावाचा अख्खा तालुका आहे. पिंपळगाव, वडगाव, सावरगाव किती असतील याची गणतीच नको. शिवाजीनगर तर प्रत्येक गावात एक.

म्हणून पत्ता मोठ्याकडून लहानाकडे सांगा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव किंवा शहराचा भाग, मग रस्ता, मग ठळक खूण आणि शेवटी घर. उदाहरणार्थ, "जिल्हा नाशिक, तालुका दिंडोरी, अमुक गाव. गावातून अमुक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दूध डेअरीच्या पुढे अर्ध्या किलोमीटरवर उजव्या हाताला डीपी आहे, तिथून आत मळ्यात तिसरे घर, पत्र्याचे, निळे दार." हा पत्ता ज्याला सांगाल तो पोचेल.

आपल्या जिल्ह्यात मळ्यात राहणारे लोक फार. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षबागांमधून रात्री गाडी शिरली की सगळे बांध सारखे आणि सगळ्या तारा सारख्या. शहरातल्या नव्या कॉलन्यांत तरी काय वेगळे? 'साई', 'श्री', 'गणेश' या नावांची रो-हाऊसे एकाच रस्त्यावर चार-चार आणि प्लॉट नंबर फक्त सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर. घरावर नंबर लिहिणे आपल्याला कमीपणाचे वाटते की काय, न कळे. वाड्याचे नाव संगमरवरात कोरतो आणि नंबर मात्र सापडत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबातल्या सूनबाईंनी यावर साधा उपाय केला. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या वर त्यांनी पुठ्ठा लावला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत १०८, खाली घराचा पूर्ण पत्ता, वर लिहिला तसा, आणि सासऱ्यांची रोजची औषधे लिहून ठेवली. त्या स्वतः सातवी शिकलेल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी सासऱ्यांना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा घरात त्या आणि नऊ वर्षांची नात, दोघीच होत्या. सूनबाई सासऱ्यांजवळ बसल्या आणि नातीने पुठ्ठा वाचून फोन केला. मग शेजारच्या वस्तीवरचा मुलगा बॅटरी घेऊन फाट्यावर उभा राहिला. आजोबा वेळेत रुग्णालयात पोचले. आज काठी टेकत का होईना, द्राक्षबागेत फेरी मारतात. दवाखान्यात आले की नातीचे कौतुक सांगतात, आणि मी दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे ऐकतो.

फोनवर काय सांगायचे?

१. मोबाईलवरून नुसते १०८ लावा. आधी शून्य नको, गावाचा कोड नको. मराठीत बोला.

२. पहिल्या वाक्यात काय झाले ते सांगा. "माणूस बेशुद्ध आहे", "छातीत दुखतंय आणि घाम आलाय", "साप चावलाय". सकाळी काय खाल्ले, काल कोणाशी भांडण झाले, गेल्या वर्षी काय झाले होते, हे नंतर.

३. मग पत्ता, वर सांगितल्याप्रमाणे. समोरच्याने तो परत वाचून दाखवला की लक्ष देऊन ऐका आणि चूक असेल तर दुरुस्त करा.

४. रुग्णाचे अंदाजे वय, स्त्री की पुरुष, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, हे सांगा. श्वास पाहायचा तर छातीकडे दहा सेकंद बघा. ती वर-खाली होत नसेल, किंवा माणूस मधूनच घरघर आचके देत असेल, तर श्वास चालू नाही असेच समजा.

५. अपघात असेल तर जखमी किती, कोणी गाडीत अडकले आहे का, आग किंवा डिझेलची गळती आहे का, हे आवर्जून सांगा. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे आपल्या शहरात औरंगाबाद रस्त्यावर खासगी बस पेटली आणि १२ जण प्राणास मुकले, हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी एक रुग्णवाहिका पुरत नाही आणि अग्निशमन दलही लागते. किती गाड्या पाठवायच्या हे तुमच्या वाक्यावर ठरते. महामार्गावर असाल तर कोणत्या दिशेच्या बाजूला आहात तेही सांगा, मुंबईकडे की धुळ्याकडे. दुभाजकामुळे गाडी चुकीच्या बाजूला आली तर मैलभर वळसा पडतो.

६. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका. "किती प्रश्न विचारता, आधी गाडी पाठवा!" असे ओरडू नका. त्या प्रश्नांवरूनच कोणती गाडी पाठवायची ते ठरते.

७. फोन झाल्यावर तोच मोबाईल मोकळा ठेवा. गाडीवरचे डॉक्टर किंवा चालक रस्ता विचारायला त्याच नंबरवर फोन करतात. आपण मात्र तोवर नातेवाइकांना कळवण्यात गुंतलेलो असतो आणि गाडी चौकात उभी असते. मामाला दुसऱ्या मोबाईलवरून कळवा. अनोळखी नंबर आला तर उचला.

आणखी एक क्रमांक लक्षात ठेवा, ११२. पोलीस, आग आणि इतर संकटे यांसाठी एकच क्रमांक म्हणून तो २०१९ पासून देशात आणि २०२१ पासून महाराष्ट्र पोलिसांच्या यंत्रणेत आला आहे. मारामारी, आग, मोठा अपघात अशा वेळी तो उपयोगी. १०८ लागत नसेल तर वेळ न दवडता ११२ लावा. गरोदर स्त्री आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी असते, हे आपल्या आशाताई सांगतातच. पण अंगावरून रक्त जाऊ लागले, फिट आली, तर १०८ च.

आणि पालकांना एक विनंती. मुलांच्या हाती मोबाईल असतो. गंमत म्हणून या क्रमांकांना फोन करू नये, हे त्यांना समजावून सांगा. खोट्या फोनमुळे लागलेली रांग खऱ्या माणसाला भोवते. लंडनच्या आगीतही खरा फोन इतर फोनांच्या रांगेतच अडकला होता.

गाडी येईपर्यंत

छातीत दुखणाऱ्याला जिना उतरवू नका, चालवू नका. पाठीला आधार देऊन अर्धवट बसवा आणि कपडे सैल करा. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका. आपल्याकडे पाणी पाजण्याची फार घाई असते. ते पाणी श्वासनलिकेत जाते. फिट आली तर दातांत चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि झटका थांबल्यावर कुशीवर वळवा.

श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने आणि भराभर दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल. फोनवरचा माणूस सांगेल तसे करा. चुकेल म्हणून घाबरू नका. ज्याचे हृदय थांबले आहे त्याचे तुमच्या हातून आणखी वाईट होण्यासारखे काही उरलेले नसते.

अर्धांगवायूत तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते. अशा वेळी घड्याळ पाहा आणि शेवटचे ठीक कधी होते ती वेळ लक्षात ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

सर्पदंशात दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, भगताकडे नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि माणसाला चालवू नका. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, तर तो सर्पदंश असू शकतो. फोनवर तसे सांगा. औषध फवारणीचे विष पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका आणि औषधाची बाटली किंवा पुडा बरोबर द्या. त्यावरच्या नावावरून उतारा ठरतो.

आता घरातल्या कामांची वाटणी. एकाने रुग्णाजवळ राहावे. एकाने फाट्यावर किंवा कॉलनीच्या तोंडाशी उभे राहावे, रात्री बॅटरीसह. एकाने फाटक उघडून मोटारसायकली बाजूला कराव्यात, कुत्रे बांधावे. आणि चालू औषधांची पिशवी, जुने कागद व आधार कार्ड काढून ठेवावे. चौथ्याने मामाला फोन करावा.

गाडी आलीच नाही तर?

हा प्रश्न वाचक विचारणार, आणि तो रास्त आहे. गाडीला उशीर होतो. कधी जवळची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असते, आणि घाटाखालच्या पाड्यावर तर रस्ताच नसतो. माझ्या पेशंटांपैकी काहींना तासभर वाट पाहावी लागली आहे आणि त्यांचा राग मी ऐकून घेतला आहे. यंत्रणा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. सरकारने गाड्या वाढवाव्यात, त्या सुस्थितीत ठेवाव्यात आणि त्यांवरच्या डॉक्टरांना व चालकांना वेळच्या वेळी पगार द्यावा, हे आपण ठणकावून मागितलेच पाहिजे. पण मागणी त्यानेच करावी जो फोन करतो. फोनच न करता "ती कुठे येते!" म्हणणे हा न्याय नव्हे.

व्यवहाराचे सांगायचे तर फोनवर स्पष्ट विचारा, "गाडी कुठून निघते आहे, किती वेळ लागेल?" वेळ फार असेल तर त्यांनाच विचारा की आम्ही आमच्या वाहनाने निघून वाटेत भेटलो तर चालेल का. स्वतःच्या वाहनाने निघावेच लागले तर रुग्णाला घेऊन जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्याकडे येऊ नका. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतो. जिथे रात्री डॉक्टर हजर आहे, कार्डिओग्राम आहे, ऑक्सिजन आहे, तिथे थेट जा. ग्रामीण भागात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि नाशकात जिल्हा रुग्णालय. सर्पदंशाची लस कुठे आहे ते तर आधीच, पावसाळ्यापूर्वी, विचारून ठेवा.

१०८ ची गाडी सामान्यतः जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते. "आम्हाला अमुकच खासगी दवाखान्यात न्या" म्हणून गाडीच्या दारात हुज्जत घालणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या हुज्जतीतली दहा मिनिटे रुग्णाच्या खात्यातून जातात. आधी जीव स्थिर होऊ द्या. हलवाहलव नंतर करता येते.

गावाने काय करावे?

फोन करणे हे घराचे काम झाले. पण गाडीला वाट देणे हे गावाचे काम आहे. रस्त्यावर मंडप, दुतर्फा गाड्या, वरातीचा डीजे आणि मागे अडकलेला सायरन, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या धाकाने वाट द्यायची म्हणजे लाजच. अरुंद वाटा अडल्या की काय होते ते नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात सरदार चौकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. आता २०२७ चा सिंहस्थ आहे. लाखो परकी माणसे आपल्या गल्ल्यांत असतील आणि त्यांच्यातल्या कोणाला चक्कर आली तर ते आपल्यालाच विचारतील, "भैया, ये कौनसी जगह है?" तेव्हा फोनवर पत्ता सांगणारे आपणच असू.

म्हणून माझ्या तीन सूचना. कॉलनी मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून एक फलक करावा, ज्यावर रस्त्याचे नाव, घरांचे क्रमांक आणि आतला नकाशा असेल. ग्रामपंचायतींनी वस्त्या आणि मळ्यांच्या फाट्यांवर नावे लिहावीत. आणि शाळांनी पाचवीपासूनच्या मुलांकडून वर्षातून एकदा या फोनची तालीम करून घ्यावी. खरा फोन न लावता, एकाने नियंत्रण कक्ष व्हायचे आणि दुसऱ्याने पत्ता सांगायचा. नऊ वर्षांच्या नातीला जे जमले ते साऱ्यांना जमेल.

आता तुमच्यासाठी आजचा गृहपाठ. हा अंक खाली ठेवायच्या आधी एक पुठ्ठा घ्या. त्यावर १०८ लिहा, खाली जिल्ह्यापासून घरापर्यंतचा पत्ता लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधे लिहा आणि तो दिसेल अशा जागी टांगा. मग घरातल्या सर्वांत लहान माणसाला तो मोठ्याने वाचायला लावा. अडखळला तर अक्षर मोठे करा.

माझ्या दवाखान्यातही असा फलक आता दारावरच आहे. रात्री मला कोणाचा फोन आला तर मी पहिले वाक्य तेच बोलतो, "आधी १०८ ला फोन करा, मग मला." नानांचा मुलगा अजून माझ्याकडे येतो. त्याच्या प्रश्नाचे राहिलेले अर्धे उत्तर आज इथे लिहिले. तो हे सदर वाचतो, हे मला माहीत आहे.